दुसऱ्याच्या फोटोतले उणे

अंबरनाथच्या शिवमंदिराचे फोटो सतत काढले जातात आणि त्यांतले बहुतेक एकमेकांसारखेच असतात. फोटोग्राफर जरा खाली बसतो, कॅमेरा वर रोखतो, कोरीव भिंती आणि त्यांच्यामागचे आकाश एवढेच चौकटीत राहील अशा बेताने सरकतो आणि कोवळ्या उन्हात काळा दगड उजळला की बटण दाबतो. पाहणारे ‘अप्रतिम’ म्हणतात. त्या चौकटीबाहेर काय आहे हे अंबरनाथकराला ठाऊक असते: मंदिराला लागून वाहणारी वालधुनी नदी, तिचे काळवंडलेले पाणी, चहूबाजूंनी दाटलेली वस्ती. तरीही तोही ‘अप्रतिम’च म्हणतो. त्याने आणखी काही म्हणायला हवे होते का? हा प्रश्न वरवर आवडीनिवडीचा दिसतो. मला तो धर्माचा वाटतो, म्हणजे माणूस माणसाचे काय देणे लागतो याचा. दुसऱ्याने जे पाहिले, निवडले आणि विश्वासाने आपल्यापुढे ठेवले, त्यात उणे काढण्याचा अधिकार आपल्याला कुठून मिळतो? आणि तो अधिकार न वापरता गप्प राहणे ही सज्जनता आहे, की कर्तव्यात केलेली कसूर?

परंपरेकडे विचारायला गेलो तर पहिले उत्तर गप्प राहण्याच्या बाजूचे मिळते. गौतमधर्मसूत्रातल्या आठ आत्मगुणांमध्ये दया आणि क्षमेच्या पाठोपाठ अनसूया, म्हणजे दुसऱ्याच्या गुणांत दोष न काढणे, येते. गीतेच्या सोळाव्या अध्यायात दैवी संपत्तीची यादी आहे, तिच्यात अपैशुन आहे. दुसऱ्याची उणीदुणी चघळत न बसणे हे तिथे शांती आणि दयेच्या शेजारी मांडलेले आहे. एवढ्यावर थांबले तर दुसऱ्याच्या फोटोला नावे ठेवणे हे चित्ताच्या अशुद्धीचे लक्षण ठरेल आणि विषय संपेल. पण ज्ञानेश्वरांनी अपैशुन या गुणाचे विवरण करताना जी वाट घेतली ती वेगळी आहे. दोष दिसूच नये अशी अपेक्षा ते करत नाहीत. समोरच्यात कमतरता दिसली तर आपल्याजवळ जे आहे त्यातून ती आधी भरून काढायची आणि मगच त्याच्याकडे नजर वळवायची, असा त्यांचा क्रम आहे. देवाकडे पाहायचे तर आधी पूजा करून, शेताकडे जायचे तर आधी पेरणी करून, असे दाखले ते देतात. यात कमतरता ओळखणे गृहीतच धरले आहे. ओळखल्याशिवाय ती भरून कशी काढणार? मनाई आहे ती रिकाम्या हाताने पाहण्याला. ज्याच्याजवळ देण्यासारखे काही नाही त्याने दोष दाखवू नये. ज्याच्याजवळ आहे त्याने ते दिले पाहिजे, आणि दोष दाखवणे हा त्या देण्याचाच भाग असला पाहिजे. फोटोवर बोलणाऱ्यासाठी याहून कडक आणि याहून उदार नियम मला माहीत नाही.

इथे एक शंका रास्त आहे. ज्ञानेश्वर माणसाच्या दोषांविषयी बोलत आहेत, माणसाने बनवलेल्या वस्तूविषयी नाही. मग हा नियम फोटोला कसा लावायचा? लावता येतो, पण फोटो ही कोणत्या जातीची वस्तू आहे हे आधी पाहावे लागते. मराठीत सौंदर्यविचाराचा पाया घट्ट आहे. मर्ढेकरांनी ‘सौंदर्य आणि साहित्य’मध्ये कलाकृतीचे सौंदर्य तिच्या घटकांमधल्या लयीत शोधले आणि संवाद, विरोध, समतोल या तत्त्वांनी त्या लयीची मांडणी केली. फोटोंच्या स्पर्धांमध्ये परीक्षक जे बोलतात, म्हणजे विषय मधोमध ठेवू नका, क्षितिज तिरके आहे, डावीकडचा उजेड जड झाला, ते नकळत याच वळणाचे असते, आणि ते निरुपयोगी मुळीच नाही. पण रा. भा. पाटणकरांनी १९७४ साली ‘सौंदर्यमीमांसा’त दाखवून दिले की सौंदर्यविचार अलौकिकतावाद आणि लौकिकतावाद अशा दोन टोकांमध्ये ताणलेला असतो आणि एका टोकाला धरून सगळ्या कलांचा निवाडा करता येत नाही. फोटो तर लौकिकाला दोरीने बांधलेलाच असतो. चित्रकाराच्या मंदिराला जगात मंदिर असावे लागत नाही. फोटोतल्या मंदिराला ते असावेच लागते. दगडावरून परतलेला उजेड कॅमेऱ्यात शिरल्याशिवाय फोटो होत नाही. म्हणून फोटोच्या परीक्षेत दोन नाही, तीन पक्ष असतात: काढणारा, पाहणारा आणि जो किंवा जे काढले गेले तो तिसरा. आपण शिष्टाचाराच्या नावाखाली गप्प बसतो तेव्हा पहिल्याचे मन राखतो, पण तिसऱ्याचा विचार आपल्या मनातही येत नाही.

या तिसऱ्या पक्षाचे वजन कळायला भोपाळपेक्षा जड उदाहरण नाही. डिसेंबर १९८४मध्ये वायुदुर्घटनेनंतर मातीत पुरल्या जाणाऱ्या एका अनोळखी बालकाचा फोटो रघु राय यांनीही काढला आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनीही. एक कृष्णधवल, दुसरा रंगीत. रंगीत फोटो त्या वर्षीचा ‘वर्ल्ड प्रेस फोटो’ ठरला. कृष्णधवल फोटो भारतात त्या दुर्घटनेची ओळख होऊन बसला. जागा तीच, मूल तेच, मृत्यू तोच, आणि तरीही फोटो दोन. म्हणजे फोटो म्हणजे समोर होते ते आपोआप उमटणे, हा समज टिकत नाही. कुठे उभे राहायचे, किती जवळ जायचे, रंग ठेवायचा की काढायचा, हे दोघांनी ठरवले, आणि ज्याचा निर्णय घेतला जातो त्याची चर्चा होऊ शकते. रंगामुळे ती घटना बातमीसारखी आजची राहते का, रंग काढल्यामुळे ती सगळ्या काळांची होते का, असे प्रश्न विचारणे त्या दोघांचा अपमान नाही. पण हे प्रश्न कोणासाठी विचारायचे, याचे उत्तर ते मूल आहे. ‘दोघांत सरस कोण’ एवढ्यावर जी चर्चा थांबते ती त्या मुलाला दुसऱ्यांदा गाडते, असे मी गांभीर्याने म्हणतो.

दुसऱ्याच्या पाहण्यातली चूक दाखवणे आणि त्याच्याविषयीचा आदर ही एकाच माणसाच्या ठायी कशी नांदू शकतात, याचा उत्तम पुरावा अंबरनाथच्या मंदिरातच आहे. तिथला शिलालेख शिलाहार राजा मम्मुणीच्या काळातला आहे. डॉ. भाऊ दाजी लाड यांनी तो वाचला तेव्हा त्यातल्या शकाचा पहिला आकडा त्यांना सात वाटला आणि शके ७८२ असा काळ निघाला. पुढे पंडित भगवानलाल इंद्रजींनी लेख पुन्हा तपासला आणि तो आकडा नऊ असल्याचे दाखवले: शके ९८२, म्हणजे इसवी सन १०६०. मंदिराचे वय एका आकड्याने दोनशे वर्षांनी बदलले. भगवानलाल कोण होते हे इथे महत्त्वाचे आहे. भाऊ दाजींनीच त्यांना हाताशी धरले होते, भाऊंच्याच कामासाठी भगवानलालांनी देशभर फिरून लेखांचे ठसे आणि नकला जमवल्या होत्या. गुरुस्थानी असलेल्या माणसाचे वाचन चुकले असे सांगताना त्यांना जड गेले असेल की नाही, यावर तर्क करत बसण्याची गरज नाही. गप्प राहिले असते तर काय झाले असते ते मात्र स्पष्ट आहे: भाऊंचा मान तेवढाच राहिला असता आणि दगडावर कोरलेले खोटे पडले असते. दगडाला स्वतःची बाजू मांडता येत नाही. ती कोणीतरी मांडावी लागते. आणि भगवानलाल रिकाम्या हाताने बोलले नाहीत. अक्षरवटिकेचे जे ज्ञान त्यांच्यापाशी होते ते त्यांनी त्या आकड्यावर खर्च केले. ज्ञानेश्वरांचा क्रम इथे जसाच्या तसा दिसतो. त्या दुरुस्तीने भाऊ दाजी लहान झाले नाहीत. त्यांनी तो लेख वाचायला घेतला म्हणूनच दुरुस्तीला जागा झाली, हे आज कोणीही मान्य करील.

ही गोष्ट फोटोंपासून दूरची नाही. भाऊंचे धाकटे बंधू नारायण दाजी हे मुंबईतल्या सुरुवातीच्या भारतीय फोटोग्राफरांपैकी एक, १८५४मध्ये स्थापन झालेल्या फोटोग्राफिक सोसायटीतले. १८६०च्या दशकाच्या अखेरीस सरकारने अंबरनाथच्या मंदिराची रेखाचित्रे, शिल्पांचे साचे आणि फोटोही करवून घेतले. नोंदीसाठीच्या अशा फोटोला आपण ‘अप्रतिम’ म्हणत नाही, कारण त्याचे काम वेगळे असते: प्रत्येक थर, प्रत्येक मूर्ती वाचता यावी. अशा फोटोत सावली नाट्यमय नाही ही तक्रार गैरलागू आहे आणि कोनाड्यातली मूर्ती अंधारात बुडाली ही तक्रार गंभीर आहे. याउलट संध्याकाळच्या उजेडातल्या फोटोत तपशील हरवला म्हणून रागावणे चूक. काम कोणते हे समजून न घेता दोष दिला तर तो दोष देणाऱ्यावरच उलटतो. शास्त्रार्थात पूर्वपक्ष आधी नीट मांडायची शिस्त होती ती याचसाठी. समोरच्याचे म्हणणे त्याला स्वतःला मान्य होईल अशा शब्दांत सांगता आले तरच खंडनाला उभे राहायचे. फोटोच्या बाबतीत पूर्वपक्ष म्हणजे काढणारा जिथे उभा होता तिथे मनाने जाऊन उभे राहणे, त्याला काय हवे होते आणि काय टाळता येत नव्हते हे ओळखणे.

आता सुरुवातीच्या फोटोकडे. वालधुनी चौकटीबाहेर ठेवली हा दोष आहे का? कोणी म्हणेल, भक्तही तेच करतो. सभामंडपातून पायऱ्या उतरून तो खालच्या गाभाऱ्यात जातो तेव्हा बाहेरची नदी, गर्दी, कारखाने सारे मागे सोडतो. एकाग्रता म्हणजे वगळणेच. हा आक्षेप मला सर्वांत बळकट वाटतो. पण भक्ताने काय वगळले ते भक्ताला ठाऊक असते; तो पायऱ्या चढून परत वर येतो आणि तीच नदी ओलांडून घरी जातो. फोटो पाहणाऱ्याला वगळलेले ठाऊक नसते. एकाग्रता स्वतःपुरती असते, चौकट दुसऱ्यांसाठी असते. म्हणून एका फोटोत नदी नसणे हा दोष नाही, कोणत्याही एका फोटोने सगळे सांगितले पाहिजे असा हट्ट वेडेपणाचा आहे. मात्र शेकडो फोटोंत ती कधीच नसणे, आणि पाहणाऱ्या गावकऱ्यानेही ती आहे असे कधीच न म्हणणे, यातून एक खोटी जागा तयार होते. तिथला रहिवासी ‘फोटो सुंदर आहे, आणि याच्या उजवीकडे वालधुनी आहे’ एवढे म्हणाला तरी त्याने फोटोतली कमतरता आपल्या माहितीने भरली.

उल्हासनगरात हाच प्रश्न उलटा येतो. तिथे हीच नदी चौकटीत असते, आणि सुंदर असते. जीन्स धुण्या-रंगवण्याच्या कारखान्यांतून आलेल्या पाण्याचा निळा, त्यावरचा फेस, काठावरच्या माणसाची आकृती: रंगसंगतीच्या दृष्टीने असे फोटो डोळा सोडत नाहीत. दुःखाला इतके देखणे करावे का, हा वाद जगभर झाला आहे. सबास्तियाव सालगादो यांच्या फोटोंवर १९९१मध्ये इन्ग्रिड सिशी यांनी ‘न्यूयॉर्कर’मध्ये हाच आरोप केला होता की सौंदर्य पाहणाऱ्याला कृतीऐवजी कौतुकाकडे नेते. मला हा आरोप अर्धाच पटतो. देखणेपणामुळेच माणूस थांबतो, आणि न थांबलेल्या माणसाला काही कळण्याची शक्यताच नसते. पण थांबलेल्याला पाणी निळे का, हे विचारायला फोटोत किंवा त्याच्या ओळीत फट ठेवलेली आहे का, हे पाहिले पाहिजे. २०१४च्या नोव्हेंबरात याच नदीत टँकरमधून रसायने ओतली गेली आणि वायू पसरून उल्हासनगरचे शेकडो रहिवासी आजारी पडले. वास फोटोत येत नाही. ज्यांनी तो श्वासात घेतला त्यांना तो सांगता येतो, आणि अशा फोटोपुढे त्यांचे सांगणे हीच सर्वांत नेमकी समीक्षा आहे.

‘ज्याची त्याची नजर’ असे म्हणून हा सगळा विचार बाजूला सारणारेही असतात, आणि ते अनेकदा अनेकान्तवादाचा आधार घेतात. जैन आचार्यांनी तसे म्हटलेले नाही. एकेक नय, म्हणजे पाहण्याचा एक कोन, आपल्या मर्यादेत खरा असतो आणि आपणच संपूर्ण असे म्हणू लागला की खोटा ठरतो, असे सिद्धसेनांचे प्रतिपादन आहे. म्हणजे नजरांची तपासणी होऊ शकते, आणि तपासायचे आहे ते हेच की ती आपली मर्यादा ओळखते का. एक उदाहरण घेऊ: २७ जुलै २०१९ रोजी बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान उल्हास नदीच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस अडकली. आत हजारावर प्रवासी होते. वरून काढलेल्या फोटोंत तपकिरी पाण्याच्या विस्तारात गाडीची लांब रेघ दिसते, आणि त्यातून पुराचा आवाका कळतो. प्रवाशांनी डब्यातून काढलेली दृश्ये अंधारी, हललेली, अर्धवट होती, आणि पाणी पायरीला लागल्यावर माणसाला काय वाटते ते त्यांतूनच कळते. हललेल्या फोटोला हलला म्हणून खालचा नंबर देणारा परीक्षक आणि वरून काढलेल्या फोटोला ‘यात माणसे नाहीत’ म्हणून हिणवणारा, दोघेही एकाच नयाला सर्वस्व मानतात. याचा अर्थ दोन्ही फोटो समान चांगले असाही नाही. वरून काढलेल्या दोन फोटोंमध्ये एक दुसऱ्यापेक्षा स्पष्टच उजवा असू शकतो, आणि तसे सांगता आले पाहिजे.

सांगण्याच्या रीतीबद्दल न्यायशास्त्राने फार पूर्वी भेद केले आहेत. सत्य कळावे म्हणून चालतो तो वाद, जिंकण्यासाठी चालतो तो जल्प, आणि स्वतःची कोणतीच बाजू न मांडता केवळ समोरचे खोडत जाणे ती वितंडा. फोटोंवरच्या तिखट बोलण्यातला मोठा भाग वितंडेचा असतो. हा फोटो कसा व्हायला हवा होता, याचे आपले उत्तर न देता तो कसा झाला नाही एवढेच सांगितले जाते. जो स्वतःचे उत्तर मांडतो तो स्वतःही तपासला जायला तयार होतो, म्हणून त्याच्या बोलण्याला किंमत आहे.

एक जागा मात्र या सगळ्याच्या बाहेर आहे. देवघरात लावलेला पिंडीचा फोटो, भिंतीवर हार घातलेला आजोबांचा फोटो, महाशिवरात्रीच्या गर्दीतून म्हाताऱ्या आईला दर्शन व्हावे म्हणून मोबाइलवर पाठवलेला तिरका, धूसर फोटो: यांच्यापुढे उजेड आणि चौकट यांची भाषा काढणे अधर्म आहे. मूर्तीचेही असेच असते. प्रतिष्ठेआधी शिल्पी आणि जाणकार तिची मापे तपासतात, प्रतिष्ठेनंतर कोणी तपासत नाही. पण हे संरक्षण फोटोला तो कशासाठी ठेवला त्यावरून मिळते, विषय पवित्र असल्यामुळे नाही. तोच पिंडीचा फोटो प्रदर्शनात लावला की तो फोटो म्हणून पाहिला जाणार. ‘देवाचा फोटो आहे, त्यावर काय बोलायचे’ असे म्हणणाऱ्याच्या हातून देवाचा मान राखला जात नाही, फक्त फोटोग्राफरची सोय होते. स्तुतीतही हाच गोंधळ असतो. मंदिर भव्य असते आणि श्रेय फोटोला जाते.

नवख्याचे काय, हा आक्षेप मी हलका मानत नाही. पहिलाच फोटो दाखवणाऱ्या मुलीला उणे ऐकवले तर ती कॅमेरा ठेवून देईल, ही भीती खरी आहे. पण ‘छान’ या एका शब्दानेही ती शिकत नाही, आणि आपला फोटो कोणी नीट पाहिलाच नाही हे तिला आज ना उद्या कळते. तिला हवी असते दखल. ‘कोनाड्यातल्या मूर्तीवरचा उजेड तू थांबून मिळवलास, हे दिसते’ असे सांगायला फोटोपुढे बराच वेळ उभे राहावे लागते, आणि हे सांगून झाल्यावर राहिलेली गोष्ट सांगितली तर ती टोचत नाही. नेमकी दाद ही नेमक्या दोषदर्शनाइतकीच कठीण आहे. दोन्हीला तेच पाहणे लागते.

राहतो प्रश्न अधिकाराचा. समीक्षक कोण? उल्हासनगर वसले ते दुसऱ्या महायुद्धातल्या लष्करी छावणीच्या बराकींमध्ये, फाळणीनंतर आलेल्या सिंधी निर्वासितांनी. १९४९मध्ये त्याला आजचे नाव मिळाले आणि कॅम्प एक ते पाच हे शब्द लोकांच्या तोंडी अजून आहेत. त्या बराकींचा एखादा जुना फोटो प्रदर्शनात लागला, सरळ रेषा, लांब सावल्या, रिकामे अंगण, आणि तिथे वाढलेली एखादी वृद्धा म्हणाली की अंगण असे रिकामे कधी नसायचेच, तर तिला फोटोतले काय कळते असे वाटण्याची शक्यता मोठी आहे. तिने रेषांबद्दल काही म्हटले नाही, उजेडाबद्दलही नाही. तिने तिसऱ्या पक्षाची साक्ष दिली. ती ऐकून रेषांचे सौंदर्य नाहीसे होत नाही. ते सौंदर्य मिळवण्यासाठी फोटोग्राफर माणसे जाण्याची वाट पाहत थांबला होता का, हे विचारण्याची सोय होते, आणि हा प्रश्न विचारण्याचा पहिला मान तिचा आहे.